आजाच्या डोळ्यातला पिवळा

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. भांडी तशीच पडलीत, आई आतून ओरडतेय, ओरडू दे. आज सकाळी माझ्या ड्रॉइंगच्या क्लासला एक पोरगी नवाकोरा वॉटरकलरचा डबा घेऊन आली. क्लास म्हणजे काय, आमच्याच पुढच्या खोलीत सतरंजी टाकायची आणि आमच्या राहनाळ गावची पोरं गोळा करायची. तर ती नाचत नाचत आली, "टीचर, बघा ना, आर्टिस्टवाला आहे, आर्टिस्टवाला!" डब्यावर सोनेरी स्टिकर: नवीन, आता अधिक टिकाऊ. मी डबा उलटा केला. मागे मुंग्या चालल्यासारख्या अक्षरांत लिहिलेलं: रंगद्रव्य, गोंद, पाणी, प्रिझर्वेटिव्ह. अरे, कुठलं रंगद्रव्य? नाही लिहिलं. उजेडात किती टिकतं? नाही लिहिलं. अधिक टिकाऊ म्हणजे कशापेक्षा अधिक? आधी काय होतं मग, टिकाऊ नव्हतं? तेव्हा पण "टिकाऊ"च लिहिलं होतं ना डब्यावर! माझा आवाज एवढा चढला की ती पोरगी रडायच्या घाईला आली आणि आतल्या खाटेवरून आजा म्हणाला, "काय झाला गं बाय? कोन आयलाय भांडायला?"

आजा म्हणजे माझे आजोबा. आमच्यात आजोबांना अहो-जाहो नाही, आजा तो आजाच. आणि कंपनीचं नाव मी घेणार नाही, कारण घेतलं तर नोटीस येईल आणि पप्पांचं बीपी वाढेल. पण तीच कंपनी. तोच डबा, फक्त स्टिकर नवीन. आत्मकथन लिहायचं माझं वय नाही हे मला माहितीये, माझे केस काळेच आहेत अजून. पण माझ्या बारावीच्या वर्षात घरात जे झालं ते मी विसरायच्या आत लिहून ठेवते, कारण त्या कंपनीला वाटतंय की सगळे विसरले.

आमचं घर तेव्हा होतं तसंच आज आहे. पुढे खोली, मागे चूल आणि गॅस दोन्ही, मधल्या खोलीत आजाची खाट आणि खाटेसमोर खिडकी. या खिडकीतून पूर्वी आमचं भाताचं शेत दिसायचं. मी दहावीत असताना पप्पा आणि काकांनी मिळून ते गोदामाला द्यायचं ठरवलं. कोणी फसवलं नाही, कोणी जबरदस्ती केली नाही, आजूबाजूची सगळी शेतं गेलीच होती, आमचं मध्ये एकटा दात राहिल्यासारखं उरलं होतं. आजाने अंगठा नाही, चांगली सही केली. फक्त घरी येऊन मला म्हणाला, "बाय, तू चित्रां काढतंस ना? मंग जेसीबी यायच्या आधी शेत काढून ठेव." म्हणून मी बांधावर बसले, मांडीवर पुठ्ठा, बाजूला डबडं भरून पाणी, आणि त्या कंपनीचा डबा. आजा माझ्या डोक्यामागे उभा राहून सूचना देत होता. पावसाचे शेवटचे दिवस, भात पोटरीला आलेलं, कणीस अजून पोटात. "तो कोपरा जास्त हिरवा कर, तितं पानी धरतं." "इकरं जरा पिवला घाल, इकरं माती हलकी हाय." मला वाटायचं शेत म्हणजे एक हिरवा. आजाने मला त्या दोन दिवसांत एवढे हिरवे दाखवले की माझी पिवळ्याची ट्यूब पिळून पिळून चपटी झाली. ते चित्र अर्धं आजानेच काढलंय असं मी अजून सांगते.

मग फ्रेम. भिवंडीत निजामपुऱ्यात पॉवरलूमच्या गल्लीत एक फ्रेमवाला होता, बाहेर एवढी खटखट की तो आणि मी हातवारे करूनच बोललो. त्याने चित्राभोवती क्रीम रंगाच्या जाड कागदाची पट्टी बसवली, त्याला माउंट म्हणतात, आणि वरून काच. घरी आणून आम्ही चित्र टांगलं ते खिडकीसमोरच्या भिंतीवर, कारण तिथे उजेड चांगला येतो. काही महिन्यांत खिडकीबाहेर गोदाम उभं राहिलं. वर निळा पत्रा. आता आमच्या घराचा आवाज म्हणजे कंटेनर मागे घेताना वाजणारं ते टुंग टुंग. पप्पा त्याच गोदामात सुपरवायझर लागले, गळ्यात आयकार्ड अडकवून स्वतःच्याच शेतात ड्युटीला जातात, हे ते हसत सांगतात आणि मी हसत नाही. आजा सकाळी भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन खाटेवर टेकायचा, खिडकीकडे पाठ करायचा आणि चित्राकडे तोंड. कोणी विचारलं तर म्हणायचा, "शेतावर बसलंय."

मग त्याला दिसेनासं झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले. आईने त्याच्या मागे लागून लागून एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, उजव्या. डावा दोन महिन्यांनी करू, डॉक्टर मॅडम म्हणाल्या. पट्टी निघाली तेव्हा आजा लहान पोरासारखा घरभर फिरला. माझ्या नाकाजवळ येऊन बघितलं, "तुना मुरमां आयलीत!" भिंतीवरची पाल बघितली. मग स्वतःचं धोतर बघितलं आणि आईला हाक मारली.

"सूनबाय, यात निल किती घातलीस? धोतर हाय का गोदामाचा पत्रा?"

"मामंजी, नीळ घालायची मी कधीच बंद केली," आई म्हणाली. "मशीनला लावते."

आम्ही सगळे हसलो. मॅडमनी सांगितलं होतंच की थोडे दिवस सगळं निळसर वाटेल, मग सवय होईल. आणि झाली. धोतर पांढरं झालं, दूध पांढरं झालं, दाराजवळची तुळस हिरवीच होती. पण आजा खाटेवर बसला, चित्राकडे बघितलं, आणि मान फिरवली. दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी त्याने मला जवळ बोलावलं. आधी हाताने नवा डोळा झाकला आणि जुन्या डोळ्याने चित्र बघितलं. मग जुना झाकला आणि नव्याने बघितलं. असं बऱ्याच वेळा.

"बाय, जुन्या डोल्यानं शेत हिरवा हाय. नव्यानं निला."

"होईल सवय, आजा."

"धोतराची झाली. शेताची होत न्हाय." मग एकदम सरळ बसून म्हणाला, "डाक्टरनीनं डोला बिघडवला. बाहेर बगतंय तर निला पत्रा, आत बगतंय तर निला शेत. मना दुसरा डोला न्हाय करायचा. जो हाय तो राहू दे. त्यात माजा शेत हाय."

आता तुम्ही म्हणाल, वेडेपणा आहे. पण बघा ना, त्याचं म्हणणं किती बरोबर होतं! चित्र काय बदलतं का? भिंतीवर खिळ्याला लटकलेलं, काचेत बंद. एक डोळा हिरवं सांगतोय, दुसरा निळं सांगतोय, तर खोटं कोण बोलणार, कालपर्यंतचा जुना डोळा की कालच कापलेला नवा? कोर्टात पण आजाच जिंकला असता. आणि आम्ही? पप्पा म्हणाले, बाहेरच्या पत्र्याचं रिफ्लेक्शन काचेत पडतंय. पडदा लावला. आजा म्हणाला, निळंच. आई म्हणाली, माझ्याकडूनच ड्रॉप नीट पडत नसतील. मी म्हणाले, डोक्यात बसलंय त्याच्या. म्हणजे एवढ्या माणसांच्या घरात एकाने पण मान वर करून चित्राकडे नीट बघितलं नाही. रोज समोर असलेली गोष्ट कोण बघतं? आमच्या सगळ्यांच्या डोक्यात ते चित्र "हिरवं शेत" या नावाने फाइल झालेलं होतं.

नुसती कुरकुर असती तर चाललं असतं. पण डावा डोळा रोज अंधारत चालला होता आणि आजाला घरात बसवत नाही. सकाळी तो नाक्यावरच्या टपरीवर चहाला जाणारच, आणि तो रस्ता म्हणजे कंटेनरांचा. कशेळीच्या पुलाकडून जे ट्रॅफिक तुंबतं ते आमच्याकडे येऊन मोकळं होतं, मग ड्रायव्हर काय थांबतात. एका सकाळी टपरीवाला आजाला दंडाला धरून घरी घेऊन आला. धोतराला ग्रीस, चप्पल एकच.

"भाभी, दादा को अकेले मत छोडो. लेफ्ट साइड से गाडी आयी, इनको दिखीच नहीं. ड्रायवरने ब्रेक मारा नसता ना तर..." पुढचं तो मराठीतही बोलला नाही आणि हिंदीतही.

आईने आजाला पाणी दिलं आणि मग एवढी रडली की आजाच तिला समजवायला लागला. पप्पा ड्युटीवरून धावत आले, आयकार्ड पाठीवर गेलेलं. "आता ऐकणार आहेस का? दुसरा डोळा करायचा म्हणजे करायचा!"

"करीन," आजा म्हणाला. "आधी पैला दुरुस्त करा."

म्हणून आम्ही त्याला घेऊन परत भिवंडीत डोळ्यांच्या मॅडमकडे गेलो. मॅडम फार शांत बाई. त्यांनी मशीन लावली, आजाला रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, त्याने सगळे आकडे धडाधड वाचले. टेबलावरची हिरवी फाइल कुठली, हिरवीच म्हणाला. कुंडीतलं झाड, हिरवं. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, डोळा एकदम मस्त आहे तुमचा."

"मंग माजा शेत निला का?"

मग त्यांनी जे विचारलं ना, ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात. त्यांनी आजाला नाही, आम्हाला विचारलं, "तुम्हाला ते चित्र कसं दिसतं?"

पप्पांनी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे. मी म्हणाले, "हिरवं." मग म्हणाले, "म्हणजे... हिरवंच काढलं होतं."

मॅडम म्हणाल्या, "काढलं होतं ते नाही विचारलं. पिकलेला मोतीबिंदू म्हणजे डोळ्यात पिवळी-तपकिरी काच बसवल्यासारखं असतं. त्यातून निळी वस्तू हिरवट दिसू शकते. आता यांची काच साफ झाली. घरी जाऊन एकदा चित्राकडे बघा."

घरात शिरल्या शिरल्या मी चपला न काढता मधल्या खोलीत गेले आणि बघितलं. खरंच बघितलं. आणि देवाशपथ सांगते, ते शेत निळं होतं. निळं! पाण्याचा कोपरा गडद निळा, हलक्या मातीचा भाग राखाडी निळा, आणि आजाने सांगून सांगून घातलेला तो सगळा पिवळा गायब. कोणीतरी शेतातून पिवळा वेचून नेल्यासारखा. मोबाईलमध्ये फ्रेम आणली त्या दिवसाचा फोटो होता, तो शोधला, त्यात हिरवंगार. फोटो आजाला दाखवला तर म्हणाला, "मोबाईलचा काय सांगू नको. त्यात तुजी मुरमां पन दिसत न्हायत."

मग मी चित्र उतरवलं. पप्पांनी पक्कडीने मागचे खिळे काढले, पुठ्ठा निघाला, काच निघाली, आणि मी ती क्रीम रंगाची पट्टी उचलली. पट्टीखाली दबलेला कागदाचा काठ, जिथे उजेड कधी पोचलाच नव्हता, तो चारी बाजूंनी हिरवा होता. हिरवा म्हणजे तोच, बांधावर बसून काढला तोच, पोटरीतल्या भाताचा. आणि त्याच्या आत, पट्टी जिथे संपत होती तिथून सरळ रेषेत, निळा सुरू. आईने तोंडावर पदर घेतला. आजा खाली वाकला. जुना डोळा झाकला आणि नव्या डोळ्याने काठ बघितला.

"हिरवा," तो म्हणाला. मग बोट मध्ये सरकवलं. "निला." मग परत काठावर. "हिरवा." मग माझ्याकडे बघून अगदी हळू, "म्हंजे डोला खरा बोलतो."

आजा निवांत झाला, पण माझं डोकं तिथून जे फिरलं ते आजपर्यंत फिरलेलंच आहे. कारण मला सगळं कळलं एका क्षणात. त्या डब्यातला निळा टिकणारा होता आणि पिवळा नव्हता. हिरवा म्हणजे दोघांचं मिश्रण. उजेडाने पिवळा खाल्ला, निळा उरला. आणि एवढे महिने कंपनीने जो पिवळा आम्हाला दिलाच नव्हता, तो आजाचा मोतीबिंदू देत होता! एका म्हाताऱ्या माणसाचा आजारी डोळा कंपनीच्या चुकीवर रंग मारत होता. आणि डोळा बरा झाला तर दोष कोणाला? डोळ्याला. डॉक्टरला. ड्रॉप घालणाऱ्या माझ्या आईला. डब्याला कोणीच नाही, कारण डब्यावर छापलं होतं ना, आर्टिस्ट क्वालिटी, चमकदार आणि टिकाऊ. छापलेल्यावर आपण केवढा विश्वास ठेवतो!

दुसऱ्याच दिवशी मी चित्र आणि चपटी ट्यूब घेऊन निजामपुऱ्यातल्या स्टेशनरीवाल्या चाचांकडे गेले. चाचा चांगला माणूस, मी लहान असल्यापासून खोडरबर फुकट देणारा. चित्र बघून त्यांनी चष्मा वर केला.

"बेटा, ये तो बच्चों का कलर है. स्कूल में चलता है, पेपर दिया, मार्क मिला, खतम."

"चाचा, डब्यावर आर्टिस्ट लिहिलंय. बच्चे कुठे लिहिलंय?"

"लिखा तो बहुत कुछ रहता है. मैं भी बोर्ड पे होलसेल लिखा हूं."

शेजारचं गिऱ्हाईक हसलं. मला हसू आलं नाही. चाचांनी मग आतून एक महागडी ट्यूब काढून दाखवली, एकच ठेवली होती, दाखवायला. तिच्या पाठीवर रंगाच्या नावाखाली वेगळी अक्षरं होती, पीवाय आणि पुढे नंबर, शेजारी छोटे तारे. पीवाय म्हणजे पिवळं रंगद्रव्य आणि नंबर म्हणजे नेमकं कुठलं. तारे म्हणजे उजेडात किती टिकतं. म्हणजे सांगता येतं! बोटभर ट्यूबवर जागा होते! आणि आमच्या एवढ्या मोठ्या डब्यावर फुलपाखरू छापायला जागा आहे, पोपट छापायला जागा आहे, नंबर छापायला नाही. आणखी एक शोध लागला. आमच्या डब्यात एका ट्यूबवर मोठ्या अक्षरांत कॅडमियम यलो आणि खाली अगदी बारीक "ह्यू". ह्यू म्हणजे काय माहितीये? म्हणजे आत कॅडमियम नावाचा महागडा, टिकाऊ पिवळा नाही, फक्त तसा दिसणारा काहीतरी आहे. आता स्वस्त काहीतरी घाला, मला राग नाही, आम्ही स्वस्तच घेणार. पण काय घातलं ते सांगा की! आई साडी घेताना दुकानदारासमोर ओला रुमाल काठावर घासते, रंग लागला तर साडी परत. दुकानदार तिला तोंडावर काही बोलत नाही कारण तो तिचा हक्क आहे. माझ्या रंगावर मी काय घासू?

डब्यावर कस्टमर केअरचा नंबर होता. लावला. गाणं वाजलं, परत गाणं वाजलं, मग एक गोड आवाजाची बाई आली. मी एका श्वासात सगळं सांगितलं, शेत, आजा, डोळा, कंटेनर. ती म्हणाली, "मॅम, तुम्ही पेंटिंग उजेडाच्या समोर लावलं होतं का?"

"हो, खिडकीसमोर."

"मॅम, आमचा सल्ला आहे की पेंटिंग उजेडापासून लांब ठेवावं."

"मग बघायचं कसं?" मी ओरडले. "अंधारात चाचपून?"

ती म्हणाली की तुमची असुविधा लक्षात घेऊन कंपनी तुम्हाला एक फ्री सेट पाठवत आहे. तोच सेट! तोच! आठवड्यात कुरिअरने आला पण. आईला वाटलं मी जिंकले. मी तो डबा भिंतीवर फेकणार होते, पण आजा म्हणाला, "फेकू नको. खिडकीला लाव."

मला कळलंच नाही आधी. त्याने समजावलं. पूर्वी बी पेरायच्या आधी तो मूठभर बी ओल्या गोणपाटात बांधून ठेवायचा. किती उगवतं ते बघून मग पेरायचा, पिशवीवर काय छापलंय ते बघून नाही. "रंगाचा पन तसाच कर. आधी उगवतं का बग." म्हणून मी कागदाच्या पट्ट्या कापल्या, त्या डब्यातला प्रत्येक रंग पट्टीवर लावला, मैत्रिणींचे, शेजाऱ्यांच्या पोरांचे, जेवढे स्वस्तातले डबे मिळाले तेवढ्यांचे सगळे रंग लावले, अर्धी पट्टी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने झाकली आणि सगळ्या खिडकीच्या काचेला चिकटवल्या, गोदामाकडे तोंड करून. आई म्हणाली, घर आहे का साडीचं सेल? रोज सकाळी चहा झाला की आजा खाटेवरून उठायचा आणि पट्टी उलटी करून, पुठ्ठा उचलून झाकलेला भाग आणि उघडा भाग नव्या डोळ्याने ताडून बघायचा. काही रंगांत पहिल्यापासून नुसता खडूच भरलेला, सुकल्यावर बोटाला पावडर यायची. "यो तर आधीच मेलेला." गुलाबी सगळ्यात आधी गेला. "गेला रं." पिवळे एकामागून एक फिके पडले. आणि गंमत सांगू? एक अगदी साधा डबा होता, पोपट नाही, आर्टिस्ट नाही, नुसतं "शालेय रंग" लिहिलेलं, त्यातला पिवळा ढिम्म हलला नाही. म्हणजे स्वस्तात होत नाही असं पण नाही! त्यामुळे तर मी आणखी पेटले.

आजाला या कामाचा नाद लागला. गावातले दोस्त यायचे, त्यांना तो निकाल सांगायचा. एकदा एक म्हातारा मुद्दाम चिडवायला म्हणाला, "एका डोल्याचा पंच! अर्धाच निकाल देतंस." दोन दिवसांनी आजाने चहा पिता पिता बशी खाली ठेवली आणि पप्पांना म्हणाला, "त्या डाक्टरनीला फोन लाव. डावा पन करून टाकू. नवा डोला खोटा बोलत न्हाय." आईच्या हातातलं उलथनं तव्यावर तसंच राहिलं, भाकरी करपली, आणि त्या दिवशी करपलेली भाकरी सगळ्यांनी खाल्ली.

डावा डोळा झाला, चांगला झाला. आता जुना डोळा उरलाच नाही. पट्टी काढून आणलं त्या दिवशी मला भीती होती, कारण आता कुठलाही डोळा झाकला तरी शेत निळंच. मी म्हणाले, आजा, मी नवीन काढून देते, चांगल्या रंगाने, फोटोवरून. तो नको म्हणाला. म्हणाला, फोटोवरून नको, मी मागं उभा न्हाय त्यात. त्याने मला परत त्या फ्रेमवाल्याकडे पाठवलं आणि सांगितलं, ती क्रीम पट्टी काढून टाकायला सांग, कागद पूर्ण उघडा ठेव. तसंच केलं. आता आमच्या भिंतीवर निळं शेत आहे आणि त्याला चारी बाजूंनी बोटभर रुंद हिरवा काठ. आजाने दोन्ही डोळ्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "बांध हाय ना जागेवर. बांध हाय म्हंजे शेत आपला."

खरा बांध जेसीबीने कधीच सपाट केलाय, आणि आता काठावर पण उजेड पडतोय, तो पण जाणार, जायला लागलाय. आजाला ते दिसतं. त्याला सगळं दिसतं आता. त्याने माफ केलंय. मी नाही केलं. एका माणसाने आपलं शेत सांभाळायला म्हणून ज्या रंगावर भरवसा टाकला, तो रंग डब्यातूनच उडायला निघालेला होता, आणि त्या भरवशापायी तो एका डोळ्याने कंटेनरसमोर गेला. याला "असुविधा" म्हणत नाहीत.

तर आज सकाळी त्या पोरीचा डबा हातात घेऊन मी ओरडत होते, तेव्हा आजा काठी टेकत बाहेर आला. डबा घेतला, सोनेरी स्टिकर वाचला, स्वतः, चष्म्याशिवाय. पोरीला जवळ घेतलं आणि म्हणाला, "रडू नको. टीचरची तुज्याशी न्हाय, डब्याशी मारामारी हाय. चल, पट्टी काप. खिडकीला लावू." आता क्लासची सगळी पोरं पट्ट्या कापून गेलीत, काच भरलीय, कॅलेंडरचा पुठ्ठा अर्ध्यावर लावलाय आणि आजा खुर्ची ओढून समोर बसलाय, जणू आत्ताच उडणार आहे रंग.

तुमच्या घरात आहे का असं एखादं चित्र, पोराने काढलेलं, बहिणीने काढलेलं, भिंतीवर आहे म्हणून कोणी न बघणारं? जरा फ्रेम उघडा आणि काठ बघा. आणि मला सांगा, तुमच्या पण घरात कोणी खरं बोलत होतं, आणि सगळ्यांनी त्याच्याच डोळ्यांत ड्रॉप घातले का?